बाभळीखालची गर्दी

वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीतल्या एका घराच्या मागच्या खोलीत, प्लायवूडच्या एका मोठ्या फळीवर, एका बाभळीखाली मी गेली कित्येक वर्षं रिकामी बादली घेऊन उभी आहे. एक हात कमरेवर आहे. चेहरा असा, की समोरच्याने एक शब्द जास्त बोलावा आणि मी ती बादली त्याच्या डोक्यात घालावी. कुणी हाताने काढलेलं माझं हे एकुलतं एक चित्र. लग्नाच्या फोटोंत मी बरी दिसते, पण मला ओळखणारे सांगतात की बाभळीखाली आहे तीच खरी.

ते चित्र काढणाऱ्या बाई माझ्या घरमालकीण. देवळीच्या एका शाळेत आयुष्यभर चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. सगळी नालवाडी त्यांना नुसतं 'बाई' म्हणायची, त्यामुळे मीही तेच म्हणायला लागले. उंचीला कमी आणि आवाजाला जास्त. ब्रश पुसायला जवळ चिंध्यांची टोपली असायची, तरी पुसायच्या मात्र पदराला. कुणाशीही बोलता बोलता एक डोळा मिटून, हात लांब करून, अंगठ्याने समोरच्याच्या नाकाची लांबी मोजायच्या. नवीन माणसाला हा अपमान वाटे. मला तर पहिल्याच भेटीत वाटला होता.

मी मूळची सांगलीकडची. सेवाग्रामच्या दवाखान्यात रक्त तपासायच्या विभागात नोकरी लागली आणि मी खोली शोधत नालवाडीत आले. फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर एक किडकिडीत गृहस्थ बसले होते. मी खोलीचं विचारल्यावर त्यांनी आधी ओठांवर बोट ठेवलं आणि मग जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "हळू बोल पोरी. बाई कामात हायेत." घरात कुणी आजारी असावं अशा समजुतीने मीही कुजबुजतच भाडं, पाणी, वीज सगळं विचारून घेतलं. शेवटी म्हटलं, "काय झालंय त्यांना?" ते म्हणाले, "काई नाई. बाभळीचं खोड चालू हाये."

हे बाईंचे यजमान. तहसील कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेले. मी त्यांना काका म्हणत असे. नोकरीत असताना त्यांनी कुणाला ताटकळत ठेवलं असेल की नाही ठाऊक नाही, पण निवृत्तीनंतर बाईंच्या आणि जगाच्या मध्ये खुर्ची टाकून बसणं हेच त्यांनी आपलं काम मानलं. दारावरची बेल त्यांनी काढून टाकली होती. फाटकाची कडी वाजू नये म्हणून तिला कापूस गुंडाळून वर सुतळी बांधली होती. कुकरच्या शिट्टीने बाईंचा हात हलतो, म्हणून ते भात पातेल्यात करत. शिंक आली तर टॉवेल तोंडावर धरून अंगणाच्या टोकाला जात. जेवायला बाईंना हाक मारत नसत, ताट झाकून ठेवत आणि बाई येतील तेव्हा त्यांच्यासोबत गार भात खात. मी एकदा म्हटलं, "काका, तुम्ही तरी वेळेवर जेवत जा." तर म्हणाले, "मले गारच आवडते." गार भात आवडणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, नंतरही पाहिला नाही.

आता बाभळीविषयी. बाई रोज वर्ध्याहून देवळीला बसने जात. देवळीच्या थोडं अलीकडे, डाव्या हाताला, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेतात एक बाभूळ होती. एकटी. काळ्या मातीत काळं खोड, वर पिवळ्या फुलांचे गोंडे. बाईंची खिडकीची जागा ठरलेली असे आणि ती बाभूळ येईपर्यंत त्या कुणाशी बोलत नसत. हे झाड आपण एकदा काढायचं, नीट, घाई न करता, असं त्यांनी तरुणपणीच ठरवलं होतं. मी विचारलं होतं, बाभूळच का, एवढी आंब्याची, चिंचेची झाडं सोडून? त्या म्हणाल्या, "बाभळीखाली कोणी बसत नाई. काटे असतात ना. मले एक असं चित्र काढाचं होतं का ज्यात कोणीच नाई. नुसतं झाड अन् दुपार."

पण शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरणीला चित्र कुठे काढता येतं? तिला फलक रंगवता येतात. स्नेहसंमेलनाचे पडदे, पंधरा ऑगस्टची रांगोळी, विज्ञान प्रदर्शनाचे तक्ते, मुख्याध्यापकांच्या मुलीच्या लग्नातलं थर्माकोलवरचं नाव. आणि मोर. "बाई, जरासा एक मोर काढून देता का?" असं म्हणत लोक रुमाल आणत, उशांचे अभ्रे आणत, रुखवताची ताटं आणत. एकाने तर स्कूटरच्या पुढच्या पत्र्यावर मोर मागितला होता. बाईंना नाही म्हणता येत नसे. घरी सासू, मुलगा, पाहुणे, आणि उरलेल्या वेळात लोकांचे मोर. "जिंदगीभर मोर काढले पोरी," त्या म्हणायच्या, "बाभळीले टाइमच नाई भेटला." हे त्या हसून सांगत, पण सांगताना माझ्याकडे बघत नसत.

निवृत्त झाल्या त्याच वर्षी रस्ता रुंद झाला आणि बाभूळ गेली. बाईंना कुणीतरी सांगितल्यावर त्या मुद्दाम बसने जाऊन बघून आल्या. दुसऱ्या दिवशी काकांनी वर्ध्याहून प्लायवूडची फळी आणली, मागची खोली रिकामी केली आणि फाटकाशी खुर्ची टाकली. आता झाड फक्त बाईंच्या डोक्यात उरलं होतं आणि तेही पुसट व्हायच्या आत फळीवर उतरायला हवं होतं. बाईंना याच एका गोष्टीची भीती होती, आपण विसरू याची.

आणि नेमकी तेव्हापासून गर्दी सुरू झाली.

त्याची गोष्ट अशी, की पहिल्याच आठवड्यात काका बाजारात गेलेले असताना सिलिंडरवाला थेट मागच्या खोलीपर्यंत आला. बाई एका फांदीचा रंग जुळवत होत्या. तो रंग गेला तो गेलाच. बाईंनी त्या माणसाकडे एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाल्या, "तठीच उभा राह्य." आणि ज्या जागी फांदीची सावली यायची होती त्या जागी त्यांनी सिलिंडर खांद्यावर घेतलेला माणूस काढला.

ही शिक्षा त्यांच्या शाळेतली होती. मला ती देवळीच्या एका कापड दुकानदाराने सांगितली, तो त्यांचा विद्यार्थी. वर्गात जो पोरगा गडबड करेल त्याला बाई मारत नसत, बाहेर काढत नसत. त्याला टेबलावर उभं करत आणि वर्गाला सांगत, "काढा याले." पन्नास पोरं पन्नास प्रकारची नाकं काढत आणि तो बिचारा तास संपेपर्यंत हलायचा नाही. दुकानदार म्हणाला, "म्या इतका टेबलावर उभा राह्यलो का साऱ्या शाळेले माहं नाक पाठ होतं." सांगताना तो खूश होता. शिक्षा झालेली माणसं इतकी खूश असलेली मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

तर बाईंनी घरी तोच कायदा लावला. जो काम मोडेल तो चित्रात. मी त्यांना एकदा म्हटलं, असं केलं तर चित्र कधी संपणार? त्यावर त्यांनी दिलेलं उत्तर मला नंतर नंतर पटलं. "हात थांबला का परत चालू होत नाई माहा. मंग तासभर म्या तशीच बसून राह्यते. त्यापेक्षा ज्यानं थांबवला त्यालेच काढते. हात तं चालू राह्यते."

मी कशी अडकले ते सांगते. उन्हाळा होता, मी ड्युटीवरून आले आणि वरच्या माझ्या खोलीत नळाला थेंब नाही. काका फाटकाशी नव्हते, बँकेत गेले होते. मी बादली घेऊन तरातरा खाली उतरले आणि मागच्या खोलीचं दार ढकललं. बाईंच्या तोंडात आडवा ब्रश होता. तो काढून त्या शांतपणे म्हणाल्या, "बादली खाली ठेवू नको. तशीच राह्य." मी का कोण जाणे, तशीच राहिले. कोळशाच्या कांडीने त्या भराभर काहीतरी काढत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "जा आता. मोटर बंद हाये, चालू कर." मला वाटलं उन्हाचा परिणाम. चार दिवसांनी रंग भरलेला बघितला तेव्हा मी भांडायला गेले. म्हटलं, "मी कमरेवर हात ठेवला नव्हता." बाई म्हणाल्या, "मनातून ठेवला होता."

ठेवलाच होता.

एकदा चित्रात आल्यावर मला त्या खोलीत येण्याची मुभा मिळाली, कारण मी मोडायचं तेवढं काम मोडून झालं होतं. मग मी बाकीची मंडळी नीट पाहिली. दूधवाला होता. मीटर वाचायला येणारी मुलगी होती. हिंगणघाटच्या नणंदबाई होत्या, आठ दिवसांसाठी म्हणून आलेल्या आणि महिना राहिलेल्या, मांडीवर मेथी निवडत बसलेल्या. पुण्याचा मुलगा ऐन दुपारी व्हिडिओ कॉल करतो म्हणून एका काट्याला मोबाइल अडकवला होता आणि त्यात त्याचा एवढासा चेहरा. निवडणुकीतला एक उमेदवार होता, पण त्याचे नुसते जोडलेले हात. "तोंड आठवत नाई," बाई म्हणाल्या, "हातच दिसले." एक बोकडसुद्धा होता. त्याने खिडकीतून आत तोंड घालून चिंध्यांची टोपली ओढली होती. बोकडाला सूट नव्हती.

गोष्ट पसरली तशी माणसं मुद्दाम मोडायला यायला लागली. मागच्या गल्लीतले एक निवृत्त साहेब इस्त्रीचा कुर्ता घालून आले, "सहज आलो" म्हणाले आणि उजेडाकडे तोंड करून बाजूने उभे राहिले. काकांना चुकवून ते आत पोचले हेच त्यांचं कर्तृत्व. बाईंनी त्यांना चहा दिला आणि वाटेला लावलं. म्हणाल्या, "सहज येणारा माणूस केस काळे करून येत नाई. मुद्दाम आलेला म्या धरत नाई." हा कायद्याचा दुसरा भाग. त्यावर अपील नव्हतं.

पण हे सगळं गमतीचंच होतं असं नाही. एका दुपारी मी खाली आले तर फळी भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि बाई जमिनीवर बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "खोड दिसत नाई आता. तुम्ही सारे उभे हा त्याच्या समोर." मग, "बाभळ दोनदा मेली पोरी. एकदा रस्त्यात अन् एकदा माह्याच हातानं." मी वर निघून गेले. संध्याकाळी पाहिलं तर फळी परत सरळ केलेली होती आणि तिच्यासमोर धुतलेले ब्रश ओळीने मांडले होते. ते काकांनी केलं होतं. त्यांनी बाईंना काही सांगितलं नाही, समजावलं नाही. फळी सरळ केली आणि जाऊन खुर्चीवर बसले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दूधवाल्यालाही फाटकाच्या आत येऊ दिलं नाही, स्वतः पातेलं घेऊन रस्त्यावर उभे राहायला लागले.

त्यानंतर बाईंनी जोर धरला. एकेकाला बाजूला सरकवलं, नणंदबाईंना मेथीसकट मागे बसवलं, मला बादलीसकट उजवीकडे नेलं. खोड परत दिसायला लागलं. दिवाळीच्या आधी त्यांनी जाहीर केलं की चित्र झालं, आता भाऊबीजेला सगळ्यांसमोर सही करणार. मी त्या वर्षी दिवाळीला सांगलीला गेले नाही, यावरून काय ते समजा.

भाऊबीजेला मागच्या खोलीत ही गर्दी. चित्रातली बहुतेक माणसं फळीबाहेर उभी होती. सिलिंडरवाला बायकोला घेऊन आला होता. जो तो स्वतःला शोधून, मग दुसऱ्याला बघून हसत होता. काका दारातून चिवड्याच्या बश्या आत देत होते. बाईंनी बारीक ब्रश काळ्या रंगात बुडवला आणि खालच्या कोपऱ्याकडे वाकल्या. तेवढ्यात नणंदबाई म्हणाल्या, "वयनी, सारे हायेत. माहा भाऊ कुठी हाये?"

बाई हसल्या. "हाये ना. अठीच कुठी तरी..." म्हणत त्यांनी फळीवर बोट फिरवायला सुरुवात केली. दूधवाल्यापासून निघालेलं बोट बोकडापर्यंत गेलं, परत फिरलं, मोबाइलपाशी अडलं. स्वतःच काढलेल्या चित्रात त्या नवऱ्याला शोधत होत्या आणि त्यांची खात्री होती की तो आहे. हळूहळू खोलीतलं हसणं थांबलं. दारातून काका म्हणाले, "मले काऊन पाहिजे जागा? म्या तं घरातच असतो." आणि पुढची बशी माझ्या हातात दिली.

बाईंनी सही केली नाही. ब्रश पदराला पुसला आणि चहा ठेवायला गेल्या.

मी नंतर त्यांना सरळ म्हटलं, "काकांनाही काढा ना चित्रात. जागा आहे. हात तुमचाच आहे." त्या म्हणाल्या, "हात माहाच हाये. पण खोटं दिसन. त्या फळीवर खोटा एकई माणूस नाई. ह्यांनी मले एकदाई मोडलं नाई, अन् म्या एकदाई पाह्यलं नाई." हे शेवटचं त्यांनी अगदी हळू सांगितलं.

मग त्या घरात एक विचित्र हिवाळा गेला. बाई फळीसमोर बसून काका कधी हाक मारतील याची वाट बघायच्या. हात रिकामा नको म्हणून बाभळीची फुलं परत रंगवायला घेतली होती, एकेक गोंडा. काकांना हे कळत नव्हतं असं नाही. पण मुद्दाम मोडलेलं चालत नाही हेही त्यांना ठाऊक होतं, आणि सहज मोडायची त्यांना सवयच नव्हती. एकदा ते दाराशी येऊन खाकरले. मी तिथेच होते. बाई एकदम वळल्या. "काय?"

"काई नाई. तू कामात हाये का?"

"हाव."

"मंग राहू दे," म्हणाले आणि गेले. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला हसूही येईना.

होळी झाल्यानंतरची गोष्ट. सकाळची ड्युटी संपवून मी दुपारी परत आले. काका खुर्चीवर नेहमीसारखे बसले होते, पण शर्ट छातीला चिकटला होता. ऊन होतं, पण एवढा घाम यावा असं नव्हतं, आणि चेहऱ्याचा रंग मी दवाखान्यात पाहिलेला होता. डावा हात त्यांनी उजव्या हाताने धरला होता. मी विचारलं, "काका, कधीपासून?" त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. म्हणाले, "हळू. बाई कामात हायेत."

मी आयुष्यात कधी ओरडले नव्हते एवढी ओरडले. बाई बाहेर आल्या, शेजारचे आले, कुणीतरी गाडी काढली. सेवाग्रामचा रस्ता मी रोज जाते, तो त्या दिवशी संपेना. काका मागच्या सीटवर माझ्या खांद्यावर मान टाकून होते आणि बाई दुसऱ्या बाजूला त्यांचा हात धरून बसल्या होत्या. त्यांच्या बोटांना पिवळा रंग होता आणि तो काकांच्या मनगटाला लागत होता.

त्यांना आत नेल्यावर आम्ही दोघी बाकावर बसलो. बाई म्हणाल्या, "सकाळपासून दुखत असन त्यायले. म्या घरातच होती." मग दोन्ही तळव्यांकडे बघत, "म्या काय केलं पोरी? म्या घरात असा माणूस तयार केला का त्याले मरतानाई माही परवानगी लागते." मी त्यांना जवळ घेतलं. माझ्याही डोळ्यांना पाणी होतं, ते लपवायचं काही कारण नव्हतं. त्या क्षणी मला त्या चित्राचा इतका राग आला की समोर असतं तर मी खरोखर बादली घातली असती.

काका वाचले. वेळेत आणलं, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी बाईंना आत सोडलं तेव्हा मी सोबत होते. मला वाटलं आता रडतील. त्या कॉटपाशी उभ्या राहिल्या आणि भांडायलाच लागल्या. "हाक माराले काय झालतं तुमाले? तोंड नव्हतं?"

काकांनी जरा विचार केला. मग म्हणाले, "तुहा पिवळा जमून राह्यला होता ना."

बाई खाली बसल्या. सकाळभर त्या फुलांचा पिवळा जुळवत होत्या आणि त्या दिवशी तो पहिल्यांदा जमला होता, हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. फाटकाशी बसून काकांना ते कसं कळलं, हे मी नंतर त्यांना विचारलं. म्हणाले, "गुणगुणत होती." पंचवीस पावलांवरून, रस्त्याच्या आवाजात, छातीत दुखत असताना त्यांनी ते ऐकलं होतं.

घरी आणल्यावर काकांची कॉट पुढच्या खोलीत टाकली. बाईंनी फाटकाच्या कडीचा कापूस सोडून टाकला, दारावर बेल लावून घेतली आणि वर आणखी एक बिनतारी बेल आणली. बटण काकांच्या उशाशी, आवाज मागच्या खोलीत. काही वाटलं की दाबायचं, असं बजावलं. काका बटण दाबत नसत. बाई दर अर्ध्या तासाने येऊन म्हणायच्या, "दाबून पाहा बरं, चालू हाये का." ते दाबायचे, मागच्या खोलीत बेलचा चिमणीसारखा आवाज व्हायचा. "हे टेस्टिंग," बाई मला सांगायच्या. "हे धरत नाई."

मग एक दुपार आली. काका हिंडू-फिरू लागले होते. मी मागच्या खोलीत बाईंशी बोलत बसले होते, त्या फुलं काढत होत्या. पुढच्या खोलीतून एकदम हाक आली, बेल नाही, हाक, भली मोठी. "अवं! लवकर ये वं इकडं!" त्या घरात इतक्या वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. काकांना एवढा मोठा आवाज आहे हेच मला माहीत नव्हतं. बाई ब्रश हातात घेऊन धावल्या, मी मागे. काका खिडकीशी उभे होते, ठणठणीत, आणि बाहेर बोट दाखवत होते. कुंपणावर भारद्वाज आला होता. आम्ही पोचेपर्यंत तो उडाला.

काका ओशाळले. "गेला," म्हणाले. "तुले दाखवाचा होता. उगाच बलावलं, तू कामात होती."

बाई कॉटवर बसल्या. ब्रशाचा रंग चादरीवर टपकत होता, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्या आधी हसल्या, मग डोळे पुसले, तेही पदराच्या रंग लागलेल्या टोकानेच, त्यामुळे गालावर पिवळा पट्टा उठला. म्हणाल्या, "परत आला तं परत बलावजा. बलावजाच." आणि त्या दिवशी त्या परत फळीसमोर गेल्याच नाहीत. दोघं खिडकीशी बसून राहिले. मी चहा करून दिला.

पुढे माझी खोली बदलली, मी सेवाग्रामच्या बाजूलाच राहायला गेले. तरी सुट्टीच्या दिवशी चक्कर मारते. मागच्याच महिन्यात गेले होते. फाटकाची कडी खणकन वाजली, काका पुढच्या खोलीतून मोठ्याने म्हणाले, "ये ये, आत ये." बाई मागे होत्या. मी फळी पाहिली. बाभळीच्या खोडाला टेकून एक प्लास्टिकची खुर्ची आली होती आणि खुर्चीवर काका, कोळशाने काढलेले, मांडीवर टॉवेल. खांदे होते, हात होते. मानेच्या वर कोरी जागा.

"अजून व्हायचंय?" मी विचारलं.

"कुठचं होते बाप्पा," बाई कुरकुरत म्हणाल्या, पण कुरकुरताना त्यांचा चेहरा काही वेगळंच सांगत होता. "तोंड काढाले घेतलं का हाक येते. पेपरात हे आलं पाह्य, शेजारच्या पोराची गाडी पाह्य, ढग पाह्य. दिवसभर हाका मारून राह्यले. म्या तं थकून गेली." त्यांनी बारीक ब्रश उचलला, एक डोळा मिटला, आणि कोऱ्या जागेपाशी टोक नेलं.

"अवं," पुढून आवाज आला, "चिवडा कुठी ठेवला वं? पोरगी आली ना."

"आली, आली," बाई म्हणाल्या. हातातला ब्रश तसाच, रंगासकट, माझ्या हातात देऊन त्या गेल्या. पुढच्या खोलीत डब्यांचा आवाज झाला, मग दोघांचं बोलणं, मग नुसतं हसणं. मी खूप वेळ फळीसमोर बसून होते. त्या काही परत येईनात, तेव्हा ब्रश मीच धुऊन ठेवला.